बाटलीतले कॅल्शियम आणि पेशीतले कॅल्शियम: अकोल्याच्या टोमॅटो-भात पट्ट्याने काय पाहावे

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जैव-उत्तेजकांबद्दल, म्हणजे दुकानात ज्यांना आपण बायोस्टिम्युलंट म्हणतो त्यांच्याबद्दल, काही आकडे जाहीर केले. अनेक वर्षे देशात अशी सुमारे ३० हजार उत्पादने विनातपासणी विकली जात होती. नंतरही ८ हजारांच्या आसपास बाजारात राहिली. तपासणी कडक केल्यावर ही संख्या सुमारे ६५० वर आली.

या छाटणीची सुरुवात २०२१ मध्ये झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजके पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आली. जुन्या उत्पादनांना तात्पुरती नोंदणी देण्यात आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. शेवटची मुदत १६ जून २०२५ ला संपली. आता राजपत्रात अधिसूचित झालेलीच उत्पादने विकता येतात.

अकोले तालुक्यात याचा परिणाम टोमॅटोवाल्यांना सर्वांत आधी जाणवतो. फवारणीचा खर्च याच पिकात सर्वाधिक असतो. उन्हाळी लागवडीत तापमान चढले, पावसाळी लागवडीत सलग झड लागली किंवा हिवाळ्यात पारा घसरला की कृषी सेवा केंद्रात एकच सल्ला मिळतो: "ताण आलाय, कॅल्शियम मारा." सोबत ‘पेशी मजबूत करणारे’, ‘ताण सहन करण्याची ताकद देणारे’ असे काहीतरी जोडून दिले जाते. यादी ६५० वर आली तरी हा सल्ला बदललेला नाही. त्यामुळे बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का, एवढेच पाहून भागत नाही. आत लिहिलेला दावा झाडाच्या पेशीत खरोखर कसा घडतो, हे थोडे समजून घेतले तर पैसे कुठे घालायचे ते ठरवणे सोपे जाते.

कॅल्शियमची तीन कामे

झाडात कॅल्शियम तीन वेगवेगळी कामे करते आणि आपली बहुतेक गल्लत ही कामे एकत्र केल्याने होते.

पहिले काम बांधकामाचे. पेशीभोवतीच्या भित्तिकेत पेक्टिनचे धागे असतात, त्यांना कॅल्शियम एकमेकांशी जखडून ठेवते. फळाचा टणकपणा आणि टिकवणक्षमता यावर अवलंबून असते. या कामाला कॅल्शियम बरेच लागते.

दुसरे काम भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याचे, म्हणजे पेशीपटलाचे. हे पटल स्निग्ध पदार्थाचे, फॉस्फोलिपिडचे बनलेले असते. बाहेरच्या बाजूने कॅल्शियम त्याचे रेणू बांधून ठेवते. बाहेरचे कॅल्शियम कमी झाले की पटल गळू लागते आणि पेशीतील रस बाहेर झिरपतो.

तिसरे काम निरोपाचे, आणि ते फार कमी कॅल्शियमवर चालते. पेशीच्या आतल्या द्रवात मोकळे कॅल्शियम मुद्दामच अत्यंत कमी ठेवलेले असते. बाहेर भित्तिकेत ते जितके असते त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्सा आत असतो. याचे कारण असे की आत कॅल्शियम वाढून तसेच राहिले तर ते फॉस्फेटबरोबर साका करून बसते, आणि फॉस्फेटशिवाय पेशीचा ऊर्जेचा व्यवहार बंद पडतो. म्हणून पेशी ऊर्जा खर्च करून आत आलेले कॅल्शियम सतत बाहेर किंवा रिक्तिकेत ढकलत असते.

थंडी, धक्का, क्षार, पाणी साचून मुळांना हवा न मिळणे, बुरशीचा हल्ला, यांपैकी काही झाले की पटलातील दारे क्षणभर उघडतात. बाहेरचे कॅल्शियम आत येते, पातळी चढते आणि थोड्याच वेळात पुन्हा उतरते. ही चढउतार म्हणजेच निरोप. १९९१ मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी जेलीफिशमधील एक चमकणारे प्रथिन तंबाखूच्या रोपात घातले. कॅल्शियम वाढले की ते प्रकाश देते. रोपाला नुसता स्पर्श केला किंवा गार पाणी दिले तरी काही सेकंदांत त्यातून प्रकाश निघाला. म्हणजे झाडाला थंडी ‘कळते’ ती काही सेकंदांत. पाने पिवळी पडताना आपल्याला दिसतात तोवर बराच काळ गेलेला असतो.

निरोप वाचणारी प्रथिने, आणि ती सापडली टोमॅटोत

हा निरोप कोणीतरी वाचावा लागतो. पेशीत त्यासाठी अनेक प्रथिने आहेत. त्यातल्या एका गटाला अ‍ॅनेक्सिन म्हणतात. एरवी ही प्रथिने पेशीद्रवात मोकळी फिरत असतात. कॅल्शियम वाढले की ते प्रथिन आणि पटल यांच्यामध्ये दुव्यासारखे बसते आणि अ‍ॅनेक्सिन पटलाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटते. कॅल्शियम उतरले की त्यातील बरीचशी पुन्हा सुटतात.

प्राण्यांच्या पेशींत या गटातले पहिले प्रथिन १९७० च्या दशकात सापडले. वनस्पतींमध्ये अशी प्रथिने आहेत हे पहिल्यांदा दिसले ते १९८९ मध्ये, आणि तेही टोमॅटोच्या पेशींत. गहू, मका सोडून आपले पीक आधी निघाले, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पुढे मका, कापूस, मोहरी, भात अशी यादी वाढत गेली. भातात अशा प्रथिनांची दहा जनुके मोजली गेली आहेत.

चिकटून ती करतात काय? पटलावर नवा माल घेऊन येणाऱ्या सूक्ष्म पिशव्या पटलाशी जोडायला मदत करतात. मुळांचे केस आणि कापसाचा धागा यांसारख्या वेगाने लांब होणाऱ्या पेशींत या कामाला महत्त्व असते. काही अ‍ॅनेक्सिन स्वतःच पटलातून कॅल्शियम आत येण्याच्या वाटेत भाग घेतात, त्यामुळे निरोपाचा जोर वाढतो. ताणात तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन रेणूंना आवरण्यातही त्यांचा हात दिसतो. पेशीच्या पडद्याची देखभाल आणि संकटाची वर्दी, दोन्ही कामे या गटाकडे आहेत.

हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी मोहरीतील एक अ‍ॅनेक्सिन जनुक तंबाखूत घातले, तेव्हा रोपे क्षार, पाण्याचा ताण आणि काही रोगांना जास्त तोंड देऊ शकली. हा शोधनिबंध २००८ चा. पुढे मोहरीचेच अ‍ॅनेक्सिन कापसातही तपासले गेले. चीनमध्ये २०१७ च्या सुमारास उलटी परीक्षा झाली. भातातील तिसरे अ‍ॅनेक्सिन जनुक जनुक-संपादनाने बंद केले, तेव्हा रोपे थंडीला जास्त बळी पडली. या प्रथिनांचा ताण सहन करण्याशी संबंध आहे, हे दोन्ही बाजूंनी दिसते.

मग कॅल्शियम मारले की ही प्रथिने जागी होणार का?

इथेच विक्रीची भाषा आणि पेशीचे गणित वेगळे होते. पानाच्या बाहेर कॅल्शियम आधीच आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त आहे. बाहेर आणखी थोडे वाढवल्याने आतला निरोप सुरू होत नाही. निरोप सुरू होतो दार उघडल्यावर, आणि दार ताण उघडतो. फवाऱ्यातले कॅल्शियम पानातून आत शिरलेच तरी पेशी ते तिच्या नेमक्या हिशेबाने बाहेर ढकलते. ‘कॅल्शियम सिग्नल वाढवून ताणसहनशीलता’ असा दावा फक्त कॅल्शियमच्या जोरावर कोणी करत असेल तर तो मान्य करू नका. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो आम्ले यांचे काम वेगळ्या मार्गाने चालते. त्यांच्या दाव्यांची परीक्षा वेगळी करावी लागते.

पहिल्या दोन कामांसाठी मात्र झाडाला कॅल्शियम बाहेरून लागतेच. ते मुळातून आणि पाण्यातून येते.

टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा, चामड्यासारखा खोलगट डाग तुम्ही पाहिला असेल. इंग्रजी नावाने त्याला ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. हा रोग नाही. फळ वेगाने फुगत असताना, साधारण फळधारणेनंतरच्या दोन आठवड्यांत, बुडाकडच्या पेशींना कॅल्शियम कमी पडते. तिथले पटल गळू लागते, पेशी मरतात आणि नंतर त्या मेलेल्या भागावर बुरशी येते. आपण डाग पाहतो तेव्हा चूक दोन-तीन आठवड्यांपूर्वीची असते. आज दिसलेल्या डागावर आज मारलेली फवारणी काहीही करू शकत नाही.

आता हिशेब करून पाहू. शंभर ग्रॅम टोमॅटोत सुमारे १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे एका टनात १०० ग्रॅम. एकरी ३० टन माल धरला तर सगळ्या फळांत मिळून ३ किलो. पाने आणि खोडात याच्या कितीतरी पट जास्त जाते. दहा टक्के कॅल्शियम असलेल्या पाव लिटरच्या बाटलीत असते सुमारे २५ ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक पानावर पडते. कॅल्शियम जलवाहिनीतून पाण्याबरोबर वर चढते, पण पानात पोहोचल्यावर रसवाहिनीतून फळाकडे जवळजवळ येत नाही. पानावर मारलेले पानातच राहते. टोमॅटोच्या सालीवर पर्णरंध्रे नसतात, त्यामुळे फळावर पडलेलेही फार थोडे शोषले जाते.

या उलट जमिनीत पाहा. प्रवरा काठच्या काळ्या जमिनी बेसाल्टपासून झालेल्या, बहुतेक चुनखडीयुक्त. माती परीक्षणात मुक्त चुना ५ टक्के आला तर वरच्या अर्ध्या फुटात एकरी सुमारे ४५ टन चुनखडी आहे, म्हणजे १८ टन कॅल्शियम. सगळे लगेच विरघळत नाही हे खरे. पण मातीच्या कणांवर धरलेले, मुळांना मिळण्यासारखे कॅल्शियमही अशा जमिनीत भरपूर असते. तिथे फळाचे बूड काळे पडते, त्याचे कारण कॅल्शियमचा अभाव नसून वाहतुकीचा खोळंबा आहे.

खोळंबा कशाने होतो हे टोमॅटो उत्पादकांनी नीट लक्षात ठेवावे. पाण्याची पाळी अनियमित असणे हे पहिले कारण. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब असे झाले की मुळांच्या टोकाकडची कोवळी वाढ मरते, आणि कॅल्शियम प्रामुख्याने तिथूनच आत येते. दुसरे, उष्ण वारे. दुपारी पाने सगळे पाणी ओढून घेतात, फळाच्या वाट्याला काही उरत नाही. रात्री पाने शांत असतात तेव्हा मुळांच्या दाबाने फळाकडे पाणी जाते. म्हणून उन्हाळी टोमॅटोत संध्याकाळी गादीवाफ्यात ओल असणे दुपारच्या पाण्याइतकेच महत्त्वाचे. आच्छादन याच कारणाने उपयोगी पडते. तिसरे, फळधारणेच्या काळात अमोनियमयुक्त नत्र आणि पोटॅश एकदम जास्त देणे. दोन्ही मुळाशी कॅल्शियमची वाट अडवतात. ‘फुगवणीसाठी’ म्हणून पोटॅशचा जोर लावायचा आणि लगेच पुढच्या आठवड्यात बूड काळे पडले म्हणून कॅल्शियम घ्यायचे, असे अनेक शेतांत चालते. एकाच हाताने आधी अडवायचे आणि मग विकत घ्यायचे.

ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट द्यायला हरकत नाही. त्यात कॅल्शियम सुमारे १८ ते १९ टक्के असते आणि नत्र बहुतांश नायट्रेट रूपात असल्याने ते वाट अडवत नाही. मात्रा माती परीक्षणावर आणि पिकाच्या अवस्थेवर ठरवा. एक गोष्ट मात्र पक्की: १२:६१:००, मॅग्नेशियम सल्फेट किंवा ००:००:५० यांच्याबरोबर एका टाकीत ते मिसळू नका. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा पांढरा साका होतो आणि ड्रिपर बंद पडतात. पेशी आतले कॅल्शियम का बाहेर फेकते, ते तुमच्या टाकीत डोळ्यांनी दिसेल.

फवारणी करायचीच असेल तर फळे वाटाण्याएवढी असताना, संध्याकाळी, फळांच्या घोसांवर पडेल अशी करा. कॅल्शियम क्लोराइड अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, यापेक्षा जास्त घेऊ नका. उन्हात पाने करपतात. तिला जोड उपाय समजा, पाण्याच्या पाळीची भरपाई ती करू शकत नाही.

पश्चिम भागात चित्र उलटे

राजूरच्या पुढे भंडारदरा, घाटघर, रतनवाडीकडे गेलात की तालुका बदलतो. प्रचंड पावसाने उतारावरच्या मातीतून कॅल्शियम धुपून गेलेले असते, माती तांबडी आणि आम्लधर्मी होत जाते. तिथे जमिनीत कॅल्शियम खरोखर कमी असू शकते. चुना घालायचा की नाही हे सामू पाहून ठरवा. भात खाचरात पाणी उभे राहिल्यावर काही आठवड्यांत सामू आपोआप सातकडे सरकतो, त्यामुळे खाचरापेक्षा वरकस जमिनीवर चुन्याचा प्रश्न जास्त येतो.

त्याच वरकस जमिनीवर नागली येते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत वाढलेल्या टोमॅटोत दहा, आणि धुपलेल्या उतारावरच्या नागलीत त्याच्या तीसपट! पाण्याचा अंश वजा केला तरी नागली पुढेच राहते. दाण्यापर्यंत कॅल्शियम पोहोचवण्याची व्यवस्था त्या पिकाच्या अंगातच आहे. कोणत्याही बाटलीने ती टोमॅटोत येत नाही.

वाणांकडे पाहायचे ते याच कारणाने. ४ मे २०२५ रोजी केंद्राने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, ‘कमला’ म्हणजे डीआरआर धान १०० आणि ‘पुसा डीएसटी राईस १’. पहिल्यात लोंबीतील दाण्यांच्या संख्येशी निगडित जनुकात बदल केला आहे, दुसऱ्यात पर्णरंध्रे आणि क्षार-ताण यांच्याशी निगडित जनुकात. अ‍ॅनेक्सिनचा यातल्या कशाशीही संबंध नाही, आणि अ‍ॅनेक्सिनवर आधारलेले कोणतेही वाण बाजारात नाही. तसे कोणी सांगून बियाणे विकत असेल तर सावध राहा. या दोन वाणांच्या चाचण्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते प्रश्न विचारले जाणे योग्यच आहे. पण दिशा पाहण्यासारखी आहे. ताण सहन करण्याचे गुण पेशीच्या आतल्या यंत्रणेत असतात, म्हणून ते बियाण्यातून मिळवण्याचा प्रयत्न चालू आहे.

आणि बियाणे म्हटले की अकोले तालुक्याला लांब जावे लागत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीने गावरान वाणांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, जिरवेल यांसारखे वाण याच डोंगरात, याच पावसात आणि याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. त्यांचे उत्पादन इंद्रायणीच्या तुलनेत कमी, हे मान्य. पण पुढच्या संशोधनाला पावसाच्या खंडात, साचलेल्या पाण्यात, गार रात्रीत तगणारी जनुके शोधायची असतील तर अशा संग्रहांतच शोधावी लागतील. विस्तार कार्यकर्त्यांनी हे संग्रह प्रदर्शनापुरते ठेवू नयेत. कोणता वाण कोणत्या ताणात कसा राहिला, याच्या नोंदी गावपातळीवर हव्यात.

दुकानात काय विचारायचे

नव्या नियमांनुसार जैव-उत्तेजकाची मंजुरी सरसकट नसते, ती पिकानुसार असते. भातासाठी मंजूर झालेली बाटली टोमॅटोसाठी मंजूर आहे असे समजू नका. लेबलवर पिकाचे नाव आणि मात्रा शोधा, पक्के बिल घ्या. शंका आली तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयातील गुणनियंत्रण निरीक्षकांना लेबलचा फोटो दाखवा. कायद्याच्या व्याख्येतच ‘ताणसहनशीलता वाढवणे’ हे शब्द आहेत, त्यामुळे लेबलवर ते लिहिलेले असणे गैर नाही. कोणत्या पिकात, कोणत्या ताणात, किती फरक पडला हे विचारणे तुमचा हक्क आहे.

रोग आणि ताण यांतही गल्लत करू नका. २०२० च्या उन्हाळ्यात अकोले, संगमनेर, जुन्नर पट्ट्यात टोमॅटोवर पिवळे-लाल पट्टे येऊन माल खराब झाला. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत नमुने तपासल्यावर कुकुंबर मोझॅक विषाणू आढळला. फळाचा रंग बिघडला म्हणून त्या वेळी कोणी कॅल्शियम मारले असते तर त्याचा उपयोग शून्य होता. विषाणूग्रस्त झाडे उपटणे आणि मावा रोखणे हाच मार्ग होता.

शेवटी एक साधी पद्धत, विशेषतः कृषी सहायक आणि शेतकरी गटांसाठी. कोणतेही ताणाचे औषध किंवा कॅल्शियम पहिल्यांदा वापरताना प्लॉटच्या मधल्या दोन ओळी मोकळ्या सोडा. कडेच्या ओळी नकोत, तिथे वारा आणि ओल वेगळी असते. त्या ओळींवर त्याच दिवशी नुसते पाणी फवारा. दोन्हीकडे प्रत्येकी वीस झाडे खुणेची दोरी बांधून ठरवा. प्रत्येक तोड्याला बूड काळे पडलेली फळे आणि चांगली फळे वेगळी मोजून वहीत लिहा, शेजारी पाणी दिल्याची वेळ लिहा. राहुरी विद्यापीठाच्या किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडे जाताना बाटलीबरोबर ही वहीही न्या.